अक्काच्या घनसाळाचा वास

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्वदीर्घ चुकतं, त्याची माफी असावी. शाळा चौथीपर्यंतच झाली. गेल्या सुगीत अक्काकडे गेले होते, ते घरच्यांसाठी लिहून ठेवते.

अक्का माझी थोरली बहीण, गारगोटीच्या पुढे दिलेली. तिच्या घनसाळ या जुन्या सुवासिक भाताचा वास अलीकडे उतरला होता. तिचा मुलगा संजू विकतचं बियाणं पेरू म्हणत होता. अक्का म्हणाली, एकदा घरचंच बी नीट निवडून बघू, आणि मला मदतीला बोलावलं.

शिवाजी पेठेतल्या घरून सकाळी निघाले, गारगोटीला एसटी बदलली. अक्काच्या गावाचा फाटा आला तरी गाडी थांबवा म्हणायला मी लाजले. शेवटी शेजारच्या बाईला सांगितलं, तशी ती ओरडली, "ओ कंडक्टर, ह्या पावण्यास्नी उतरायचं हाय की!" तोवर फाटा मागे पडला होता. चालत परतले.

संजू न्यायला आला होता. ओढ्याच्या कडेला भातासारखंच गवत दिसलं. त्याने हात लावताच दाणे भराभर पाण्यात गळले.

"हे देवभात (रानात आपोआप उगवणारं)," तो म्हणाला. "आधी असलंच हुतं, मावशी. ज्याचं दाणं गळत न्हाईत तेच माणसांनी घरी आणलं, तेच पेरलं. असं करत करत आपलं भात झालं."

"मग अक्का तेच करते की."

"व्हय. पण घनसाळ उंच, वाऱ्यात आडवं पडतंय. विकतचं ठेंगणं, पिकतंय बी जास्त."

भाकरी आणि हुलग्याची आमटी खाऊन शेतात गेलो. मी बांधाकडच्या भरदार लोंब्या खुडून ओटी भरली. अक्काने पाहिलं.

"अगं येडे, बांधाकडंच्या ताटाला (रोपाला) ऊन जादा, जागा मोकळी. तो जोर जागेचा, त्याच्या अंगचा न्हवं. बियाला दाटीतलं घ्यायचं."

ती मध्ये शिरली. प्रत्येक ताटाचा एक दाणा सोलायची, चावून वास बघायची, पुढे जायची. बहुतेक ताटं तिने सोडली. ऊन उतरलं तेव्हा पदरात दोन मुठी लोंब्या होत्या.

संजू हसला. "एवढ्यात कोपरा बी भरायचा न्हाय."

"पयल्यांदा ज्यानं निवडलं, त्याच्याकडं गाडीभर हुतं व्हय रं?"

त्याने लोंब्या हातात घेऊन पाहिल्या. "बरं, एक वाफा देतो. वास न्हाय आला तर पुढं विकतचंच."

माझ्या लोंब्या अक्काने मलाच बांधून दिल्या. घरी कांडून शिजवल्या. दाणा टपोरा, पण झाकण काढलं तरी शेजारच्या खोलीत कुणाला वास कळला नाही. जेवताना वाटलं, ताटातला भात कुणीतरी कधीतरी निवडलेला आहे. जे निवडलं नाही, ते कसं होतं हे आता कोण सांगणार?

यंदा भात फुलोऱ्यात असताना संजूचा फोन आला.

"मावशी, वाफ्याजवळनं गेलं की वास येतोय."

"अक्का काय म्हणते?"

"म्हणती, कापणीला मावशीला बोलव, पण बांधाकडं सोडू नगं."