उलट्या दाराचा ड्रायर

कपडे वाळवायच्या यंत्राचं दार मोडलं की लोक त्याला बोलवायचे, आणि तो येऊन गेला की कशाला बोलावलं म्हणून हळहळायचे. काम चोख. तोंड मात्र असं, की ऐकणाऱ्याला वाटावं, आपण दाराची मूठ नाही, कुणाचा तरी हात मोडून बसलोय. त्या भागात त्याचं नावच पडलं होतं, परीक्षक. ते त्याच्या कानावर आलं होतं आणि त्याचं त्याला काडीचंही वाईट वाटत नव्हतं. परीक्षेला बसायची लायकी नसलेल्यांनी परीक्षक म्हटलं, तर बिघडलं कुठे?

कुठल्याही घरात शिरला की तो आधी यंत्राकडे बघायचाच नाही, माणसांकडे बघायचा. वरपासून खालपर्यंत. मग तुटलेला लॅच तळहातावर घेऊन निकाल जाहीर करायचा. "हा ढुंगणाने ढकललाय. हातात टोपली असणार, आणि ती खाली ठेवायचा कंटाळा." "हा लाथेने. घरात कोणाचं तरी वाजलेलं दिसतंय." "आणि ही दोरी कोणाची करामत? दोरीने बांधायला हे वासरू आहे?" बायका ओशाळायच्या, पुरुष मोबाइलमध्ये डोकं घालायचे. लॅच म्हणजे अंगठ्याएवढा प्लास्टिकचा तुकडा. तो खाचेत नीट बसला की आतलं बटण दाबलं जातं आणि मगच ड्रम फिरतो. एवढंसं ज्यांना सांभाळता येत नाही ते पोरं काय वाढवणार, असं त्याला मनापासून वाटायचं, आणि वाटलेलं पोटात ठेवायची त्याला सवय नव्हती.

त्याने स्वतः एक पोर वाढवली होती. ती दोन गल्ल्या सोडून राहायची आणि बापाला घरी बोलवायची नाही.

त्याला कारण एक फळी. मुलीने नवीन घर मांडलं तेव्हा जावयाने मोठ्या हौसेने स्वयंपाकघरात स्वतःच्या हाताने फळी ठोकली होती. सासरची मंडळी जमलेली. परीक्षक उठला, फळीपाशी गेला, एका बोटाने ती हलवून बघितली आणि म्हणाला, "छान आहे. फक्त हिच्यावर काही ठेवू नका." हसला तो एकटाच. फळी त्याच संध्याकाळी निघाली. मुलीने भांडण केलं नाही की अबोला धरला नाही. ती माहेरी यायची, जेवायची, बाळ झाल्यावर बाळाला त्याच्या मांडीवर द्यायची. फक्त 'बाबा, या ना घरी' एवढं तिच्या तोंडून पुन्हा कधी निघालं नाही.

आणि परीक्षकाला नेमकं तेवढंच हवं होतं. वरवर 'मला काय अडलंय' म्हणत नाक उडवायचा, पण सगळी मदार ठेवून बसला होता तिच्या ड्रायरवर. ड्रायर त्यानेच दिलेला. त्या जातीचा लॅच फार दिवस टिकत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आज ना उद्या तो तुटणार, आणि तुटल्यावर परीक्षकाची मुलगी दुसऱ्या कोणाकडे जाणार? नवा लॅच तो शर्टाच्या खिशात घेऊनच हिंडायचा. आपल्या लेकीच्या घरातलं काहीतरी मोडावं म्हणून वाट बघणारा बाप दुसरा सापडायचा नाही, पण त्यात काही विचित्र आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

"लोकांचे बाप नातवंडाला खुळखुळा नेतात," बायको म्हणायची, "आणि आमच्या खिशात हे. अहो, नाही बोलावलं तर नाही. उठून जा की! मी जाते ना रोज सकाळी."

"न बोलावता दारात उभा राहायला मी काय मीटर बघणारा आहे?"

"मग बसा इथेच. नाहीतर जा, पण तोंड घरी ठेवून जा."

यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्याच्या दुकानात एक दिवस चिकटपट्टी भेटला. हाही दुरुस्तीवालाच. हे नाव परीक्षकानेच त्याला ठेवलेलं, कारण त्याच्या मते या माणसाला येत असलेली एकमेव विद्या म्हणजे पट्टी फाडणे आणि चिकटवणे. माणूस गोलमटोल, हसतमुख, गिऱ्हाइकाच्या पोरांशी खेळत बसणारा. परीक्षकाला तो डोळ्यांसमोर नको असायचा.

"तुमच्या मुलीकडे जाऊन आलो काल," चिकटपट्टी आपणहून म्हणाला. "ड्रायरचा लॅच गेला होता. चहा काय सुंदर करते हो!"

परीक्षकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खिशातला लॅच त्याने मुठीत घट्ट धरला. तिने बोलावलं, आणि कोणाला बोलावलं, तर याला! हातातला स्क्रू तिथेच टाकून तो निघाला, तो थेट मुलीच्या दारात. बोलावण्याची अट त्याने वाटेतच रद्द केली. आपण मुलीकडे जात नसून चिकटपट्टीचं काम तपासायला जातोय, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

मुलीने दार उघडलं आणि बघतच राहिली. "बाबा! तुम्ही?"

"इकडून चाललो होतो."

"या ना, या!" तिचा चेहरा असा उजळला की परीक्षक क्षणभर कशाला आलो तेच विसरला. "आलात ते फार बरं झालं. मी म्हणणारच होते, पण कसं म्हणायचं… बसा. बाळाला पुसून कपडे घालते, मग चहा टाकते. आता जेवूनच जायचं हं."

झालं होतं की काम! जे हवं होतं ते आपल्या पायांनी चालत आलं होतं. खुर्ची होती, पंखा होता, चहा येणार होता. शहाण्या माणसाने बूड टेकलं असतं. पण ड्रायर समोरच होता, धुलाई यंत्राच्या डोक्यावर चढवलेला, आणि परीक्षकाची नजर त्याच्या दारावर पडली.

मूठ उजवीकडे असायची, ती डावीकडे आली होती. बिजागऱ्या पलीकडे. चक्क उलटं लावलं होतं दार! परीक्षकाला आधी हसू आलं, मग कीव आली, मग गेल्या कित्येक महिन्यांत झाला नव्हता इतका आनंद झाला. डावं-उजवं कळत नाही आणि निघालाय दुरुस्तीला! त्याने पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला. बिजागऱ्या सोडवल्या, दार फिरवलं, मूठ पुन्हा उजवीकडे आणली, चिकटपट्टीने बसवलेला लॅच कचऱ्यात टाकला आणि खिशातला स्वतःचा बसवला. दार लावून बघितलं. टक्क! असा आवाज या घराने ऐकला नसेल. तो हात पुसत उभा राहिला.

मुलगी ओले कपडे घेऊन आली. बाळ आत झोळीत होतं. कपडे खाली ठेवून तिने सवयीने डावा हात वर नेला. मूठ नव्हती.

"हे काय?"

"सरळ केलं. त्या गाढवाने दार उलटं ठोकून ठेवलं होतं. अगं, तुझ्याही लक्षात नाही आलं? डोळे आहेत ना तुला?"

"मीच सांगितलं होतं त्यांना फिरवायला."

तिने उजवा हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि अडला. तिने ओठ दाबून धरले आणि हात खाली घेतला. "खांदा आखडलाय, बाबा. वर जातच नाही. डाव्या हाताने पलीकडची मूठ वेडीवाकडी ओढून ओढून तर लॅच तुटला. त्यांनी मला दार उघडताना पाहिलं आणि विचारलं, ताई, हात दुखतो का?"

"कधीपासून हे?"

"बाळ दोन महिन्यांचं होतं तेव्हापासून."

"तुझ्या आईला माहीत आहे?"

"आई रोज कशाला येते मग? माझे केस विंचरायला येते."

रोज सकाळी बायको जायची आणि कशाला जाते हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बोलला असतात काहीतरी." ती थांबली. "आधीच दुखत होतं हो."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो घाईघाईने स्क्रू ड्रायव्हर शोधू लागला, पिशवीत, खिशात, यंत्रावर. तो त्याच्या हातातच होता. "आत्ता फिरवतो. लगेच होईल. तू बस, चहा नको मला, तू फक्त बस."

ती रागावली असती तर बरं झालं असतं, रागाला उत्तर द्यायची त्याला सवय होती. पाहुण्याने ताट उचलायला घेतलं की म्हणतात तशी ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "राहू द्या ना, बाबा. मी त्यांनाच बोलावते."

आणि तिने डाव्या हाताने फोन उचलला.