दादाचा उजवा डोळा

माझा थोरला भाऊ घाऱ्या डोळ्यांचा. आम्हा भावंडांत तो एकटाच आईवर गेला; बाकीचे आम्ही वडिलांसारखे काळ्या डोळ्यांचे. कारखान्यात तो लेथ यंत्रावर होता. तिथे सगळे त्याला ‘मांजर’ म्हणत, आणि तोही ‘म्याव’ करून मोकळा व्हायचा.

एकदा छिन्नीवर हातोडा मारताना उजव्या डोळ्यात काहीतरी टोचलं. नळाखाली डोळा धुतला, थोडी लाली आली, ओसरली. तो विसरूनही गेला.

पुढच्या वर्षी जेवताना वहिनी एकदम थबकली. “अहो, तुमचा एक डोळा तपकिरी झालाय.”

“तुझ्या हातचं खाऊन,” दादा म्हणाला. आम्ही पोट धरून हसलो. आईनेही भर घातली, “बरं झालं. एक माझा, एक बापाचा. आता भांडण नको.”

कारखान्यात मांजराचा ‘दुरंगी’ झाला.

मग दादा जिन्यात अडखळू लागला. पाणी ओतताना पेला चुकू लागला. अंधार पडायच्या आत घर गाठायची घाई करू लागला. विचारलं की खेकसायचा. शेवटी वहिनीने त्याला अक्षरशः ओढत दवाखान्यात नेलं. सोबत मी होते.

“डोळ्यात कधी काही गेलं होतं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“छे.” मग आठवून, “हां, एकदा. पण दुखलं नाही फार.”

डोळ्याच्या एक्स-रे फोटोत पांढरा ठिपका दिसला. तिळाहून लहान.

“लोखंडाचा कण आहे. आतल्या आत गंजतोय. हा तपकिरी रंग त्या गंजाचा.”

“मग काढा की!” दादा म्हणाला.

“काढू. पण गेलेली नजर परत यायची नाही.”

वहिनीने पदर तोंडाशी धरला. आम्ही महिनोन्‌महिने ज्याची थट्टा केली, तो गंज होता.

कण निघाला, रंग तसाच राहिला. एका डोळ्याच्या माणसाला लेथ कोण देणार? दादाला कारखान्याच्या फाटकावर बसवलं. शेजारच्या खिळ्यांवर संरक्षक चष्मे टांगलेले असतात. कुणी चष्मा न घेता आत निघाला की दादा आडवा होतो.

“घाल. नाहीतर इकडे बघ.”

बहुतेक जण खाली मान घालून चष्मा उचलतात. काही हात झटकून पुढे जातात. त्यांच्या पाठीवर तो शिव्या घालत राहतो.

घरी आला की भिंतीकडे तोंड करून पडतो. आई उशाशी बसून हाका मारते. तो वळत नाही. वहिनी त्याचं ताट झाकून ठेवते.