गाडी बघायला आलेली माणसं

मला बघायला माणसं आली तेव्हा मी गाडीखाली उताणी पडले होते. ती मला बघायला आली आहेत हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, एक मी सोडून. इतर मुलींना निदान चांगली साडी नेसवतात, पाटावर बसवतात, सांगतात तरी. मला माझ्या वडलांनी, अण्णांनी, माझ्याच कामाच्या आडून दाखवलं. इतकी वर्षं झाली तरी तो दुपारचा प्रकार आठवला की अंगाचा तिळपापड होतो.

राहात्याला नगर-मनमाड रस्त्यालगत अण्णांचं वर्कशॉप होतं. पत्र्याचं छप्पर, लोखंड कातायचा एक जुना लेथ, आणि दारात कायम दोन-तीन ट्रॅक्टर किंवा विहिरीवरची इंजिनं आजाऱ्यासारखी पडलेली. भाऊ मला नाही. त्यामुळे आठवीत असल्यापासून शाळा सुटली की मी तिथंच. आधी पाने-पक्कडी पुसायचे, मग नट ढिले करायचे, आणि मॅट्रिक होईपर्यंत इंजिन खोलून परत बसवण्यापर्यंत मजल गेली. गिऱ्हाइकं हसायची. अण्णा म्हणायचे, "हसा. पन काम बघून जा." ते वाक्य ऐकलं की माझी छाती दोन इंच फुगायची. आई मात्र पदर डोक्यावर ओढून म्हणायची, "उद्या सासरी काय पाना घेऊन चूल पेटवनार हायेस का?"

मला सासर नकोच होतं. मला नगरला पॉलिटेक्निकला जायचं होतं. मशिनचा डिप्लोमा करायचा, आणि परत येऊन अण्णांच्या शेजारी दुसरा लेथ टाकायचा. हे मी अण्णांना कितीदा सांगितलं असेल याचा हिशेब नाही. ते हो म्हणत नसत, नाहीही म्हणत नसत. त्याआधी दोन ठिकाणचे लोक मला बघून गेले होते, आणि दोन्ही वेळा मी मुद्दाम नखांत काळं ठेवून पोहे पुढे केले होते. दोन्ही घरांनी नकार कळवला. आईनं मला चांगलं झोडपलं होतं. अण्णा त्यावर काहीच बोलले नाहीत. ते माझ्या बाजूचे आहेत असं मी धरून चालले.

मग ती गाडी आली.

गाडी म्हणजे काय, दोन माणसं बसतील एवढीच बुटकी, वर टप नसलेली, विलायती. काष्टीकडच्या एका बागाईतदारानं नगरच्या छावणीतल्या कुणा अधिकाऱ्याकडून हौसेनं घेतली होती. हा माणूस आमच्या लांबच्या नात्यातला, पूर्वी फौजेत होता, मिशा तशाच ठेवलेल्या. ट्रकला फळ्या लावून त्यानं ती राहात्याला आणली. काष्टीपासून राहाता म्हणजे अख्खा जिल्हा ओलांडून येणं. वाटेत नगर लागतं, आणि नगरात गॅरेजं काय कमी होती? हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण अशी गाडी दारात उभी राहिल्यावर मला दुसरं काय दिसणार!

त्या गाडीच्या इंजिनाला एक ब्लोअर होता. म्हणजे इंजिन आपणहून जेवढी हवा ओढतं त्यापेक्षा जास्त हवा हा त्याच्या घशात कोंबतो, म्हणून एवढंसं इंजिन मोठ्या गाडीला मागं टाकतं. पण दाब कधी अति झाला तर तो बाहेर सोडायला एक छोटा व्हॉल्व्ह असतो, मागं स्प्रिंग लावलेला. हा व्हॉल्व्ह जळून त्याला खड्डे पडले होते आणि तो गळत होता. आधीच्या कुणा शहाण्यानं गळती थांबवायला त्याच्या तोंडावर पट्टी आणि बोल्ट मारून तो कायमचा बंदच करून टाकला होता. आपल्याकडे गळतंय म्हटलं की बूच मारायचं, का गळतंय ते बघायचं नाही. शेवटी घाटात मोठा बार झाला, गॅस्केट फाटलं आणि गाडी जागेवर बसली.

"असला वॉल हितं कुठं मिळायचा?" मी म्हणाले.

"मिळत न्हाई. करावा लागंल," अण्णा म्हणाले. आणि मग लेथवर हात ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू कर. ही गाडी मार्गी लागली की तुला नगरला नेऊन घालतो."

मी त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

पुढचे दिवस मी त्या व्हॉल्व्हच्या पाठीमागे लागले. ट्रॅक्टरचा एक जुना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह होता, त्याचं पोलाद चांगलं. तो लेथवर धरून त्याचं डोकं लहान केलं, दांडा उतरवला. पहिला हातून बिघडला. दुसऱ्याच्या वेळी अण्णा मागं उभे राहिले, पण त्यांनी हात लावला नाही. मग घासकाम. व्हॉल्व्हला घासायची खरखरीत पेस्ट लावायची, त्याच्या डोक्याला चिकटवलेली काठी दोन्ही तळव्यांत धरायची आणि ताक घुसळताना रवी फिरवावी तशी फिरवत राहायची, बसण्याच्या जागी सगळीकडून सारखं करडं कडं उमटेपर्यंत. तळहाताला फोड आले, फुटले, तिथं पेस्ट जाऊन झोंबायला लागलं. रॉकेल ओतून पाहिलं, थेंबही झिरपला नाही तेव्हा मी ओरडलेच. स्प्रिंगमागं वॉशर घालून-काढून कुठल्या दाबाला तो उघडतो ते टायरच्या हवेवर बघितलं. अण्णा आईला म्हणाले, "पोरीनं नाव काढलं." मी पलीकडून ऐकलं, आणि नगरला गेल्यावर कुणाकडे राहायचं याचा विचार करत झोपले.

गाडी जोडायच्या दिवशी मालक आला. बरोबर त्याची बहीण होती, हिरवं लुगडं नेसलेली, उंचपुरी बाई. आणि एक किडकिडीत तरुण, त्या बाईचा मुलगा. तो आल्यापासून गेला तोवर पायातल्या चपलेशिवाय कशाकडेही बघत नव्हता. "घरची मानसं म्हनली, आमाला पन गाडी बघायचीय," मालक म्हणाला. मला त्यात नवल वाटलं नाही. तेव्हा ट्रॅक्टर नवा आला तरी अख्खी आळी जमायची.

मी साडीवर अण्णांचा जुना शर्ट घातला होता आणि गाडीखालून ब्लोअरचा पट्टा ताणत होते. अण्णा म्हणाले, "बाहेर ये जरा, पाव्हण्यांना सांग काय केलंस ते." मी आले, आणि सांगत सुटले. काय वेड्यासारखी बोलत होते मी! दाब, स्प्रिंग, घासकाम, सगळं. बाई मान हलवत होत्या. मग अण्णा म्हणाले, "ती पान्यांची पेटी आन बरं तिकडून." पेटी माझ्यापासून लांब, पाव्हण्यांच्या पायाशी होती. मी चालत गेले, पेटी उचलून चालत आले. बाईंनी ब्लोअरवरच्या पितळी पट्टीकडे बोट केलं. "हे काय लिव्हलंय गं?" मी इंग्रजी वाचून दाखवलं, वर अर्थही सांगितला. "बारीक अक्षर हाय, पन दिसतंय की तुला," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझा हात हातात घेतला, पालथा केला, उलटा केला, फोड बघितले.

अण्णा पुढं होऊन घाईनं म्हणाले, "रॉकेलनं धुतलं की निघतंय सगळं. राहत न्हाई काही."

मला वाटलं, ते ग्रीसबद्दल बोलतायत.

गाडी एका झटक्यात सुरू झाली. मालक तिला अस्तगावच्या रस्त्यानं घेऊन गेला आणि मिशीत हसत परत आला. दाब चढत होता, व्हॉल्व्ह हवा तेव्हा उघडत होता, हवा तेव्हा बसत होता. मला त्या क्षणी कुणी राज्य दिलं असतं तरी नको म्हणाले असते. आईनं सगळ्यांना आत बोलावलं, चहा दिला. जाताना त्या बाईंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि ओटीत नारळ घातला. गाडी दुरुस्त केल्याबद्दल कुणी ओटी भरतं का? नारळ हातात धरून मी आईकडे बघितलं. आईनं मान खाली घातली. अण्णांकडे बघितलं, तर ते लेथवरचा किस झाडत होते, आणि त्या दिवशी लेथ चाललाच नव्हता.

तेव्हा मला कळलं. चालून दाखवलं होतं, वाचून दाखवलं होतं, हात दाखवला होता. काही म्हणजे काही राहिलं नव्हतं.

"अण्णा, नगरचं काय?" मी विचारलं.

"मानसं चांगली हायेत. लिंबाच्या बागा हायेत. तुला पसंत केलंय, तशा हातांसकट. अजून काय पायजे?"

"नगरचं काय, ते सांगा."

"त्यांची एक अट हाय," ते म्हणाले. "लग्नानंतर हत्याराला हात लावायचा न्हाई. गावात बरं दिसत न्हाई म्हनतात."

मी त्या रात्री जेवले नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आई माझ्या पाया पडली. खरंच पडली, आईनं पाया पडल्यावर लेकीनं काय करायचं असतं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. अण्णा वर्कशॉपमध्ये जात-येत राहिले. मी तिकडे फिरकले नाही, त्यांनीही बोलावलं नाही. पॉलिटेक्निकचे प्रवेश संपले आणि मला हळद लागली.

सासरी मी सासूशी जेवढ्यास तेवढं बोलायचे. आत्याबाई म्हणायचे, पण मनात गाठ होती. हिनंच माझा हात उलटापालटा करून बघितला आणि त्याच हातांवर बंदी घातली, असं मी धरून बसले होते. त्या बिचाऱ्या समजायच्या, सून अबोल आहे. नवरा घरातही चपलेकडेच बघून बोलायचा, पण माणूस वाईट नव्हता. विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. ते अडखळायला लागलं की स्वयंपाकघरात बसून मला कळायचं काय बिघडलंय. मी भाकरी थापत राहायचे आणि ओठ चावायचे.

वर्ष झालं आणि दुष्काळ पडला. विहिरीत तळाशी हातभर पाणी, तेही दिवसातून थोडा वेळच उपसता यायचं. अशात एका सकाळी इंजिन बंद पडलं. नवऱ्यानं हँडल मारून मारून हाताची साल काढली. मिस्त्री श्रीगोंद्याला, तो दोन दिवस येणार नाही म्हणून निरोप आला. लिंबाची झाडं पानं गाळत होती. आत्याबाई विहिरीच्या काठावर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, तू काय बघत हुबी राह्यलीस? तुला येतंय ना? कर की."

माझा पाराच चढला. "तुमचीच अट होती ना, हत्याराला हात लावायचा नाही म्हणून?"

"आमची?" त्या बघतच राहिल्या. "अगं बाई, आमी कशाला अट घालू? माझ्या गाडीवाल्या भावानं तुझं स्थळ सुचवलं तेच मुळी या इंजिनापायी. पोरगी हुशार हाय, घरचं इंजिन घरीच बघंल म्हनला. तुझ्या वडलांनीच बैठकीत सांगितलं, पोरगी लगीन झालं की हत्याराला हात लावनार न्हाई, माझा शब्द. मी म्हनले, लावला तर बिघडलं काय? तर ते म्हनले, न्हाई, शब्द म्हंजे शब्द. आमाला वाटलं तुलाच नको असंल. म्हनून तर तुला कधी इंजिन बघायला सांगितलं न्हाई."

मी पदर खोचला आणि इंजिनापाशी बसले. डिझेलच्या नळीत हवा धरली होती, दुसरं काही नव्हतं. नट ढिला केला, बुडबुडे जाऊन नुसतं डिझेल यायला लागेपर्यंत पंप मारला, नट आवळला. नवऱ्यानं हँडल मारलं आणि इंजिन सुरू झालं. आत्याबाई हसत होत्या. मी तिथंच बांधावर बसून मोठ्यानं रडले, आणि आजूबाजूच्यांना वाटलं पाणी आलं म्हणून रडतेय.

पंचमीला माहेरी गेले तेव्हा पिशवी घरात न ठेवता आधी वर्कशॉपमध्ये गेले. अण्णा एकटेच होते. मी म्हणाले, "अट तुमची होती."

त्यांनी नाही म्हटलं नाही. चष्मा काढला, फडक्यानं पुसला. "व्हय, माझीच," म्हणाले. "हातात काम राह्यलं असतं तर तू तिथं नांदली नसतीस. सासू जरा बोलली, की पेटी उचलून हितं आली असतीस. पोटाची चिंता नसलेली बाई कुनाचं ऐकून घेती? मला माहीत हाय तू कशी हायेस."

"आले असते तर?"

"मग लोकांनी मला काय म्हनलं असतं?"

एवढंच होतं. माझं नगर, माझा लेथ, ते तीनदा दिलेलं वचन, सासूवर वर्षभर धरलेला राग, सगळं या एका वाक्यात बसलं. मला वाटलं होतं त्यांना माझ्या हातांची किंमत कळली नाही. त्यांना ती माझ्यापेक्षा जास्त कळली होती, म्हणूनच ते घाबरले होते.

त्यांना वाटलं विषय मिटला. त्यांनी टेबलावरून ट्रॅक्टरचा एक व्हॉल्व्ह उचलला, घासायची काठी उचलली आणि दोन्ही माझ्यापुढं धरली. आवाज अगदी पूर्वीसारखा, लाडाचा. "आता आलीच हायेस तर एवढा घासून दे बरं. तुझ्यासारखं कुनाला जमत न्हाई हितं."

"न्हाई अण्णा," मी म्हणाले. "तुम्ही शब्द दिलाय."

ते तसेच हात पुढं करून उभे राहिले, आणि मी पिशवी उचलून घरात आईकडे गेले.