वाटूरची जुनी पेटी आणि माझा भरधाव प्रोग्राम

नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीसाठी मी सोयाबीन निवडणाऱ्या यंत्राचा प्रोग्राम लिहिला होता. पट्ट्यावरून दाणे धावतात, कॅमेरा बघतो, डागी दाणा हवेच्या फुंकेनं बाहेर. माझा प्रोग्राम इतका जल्दी चालायचा, की दाण्याला डाग पडायच्या आधीच तो हाकलला जायचा.

ह्या वेगाचं गुपित म्हणजे कोडचा प्रोग्राम बनवणाऱ्या कंपाइलरला दिलेला एक फ्लॅग, म्हणजे सूचना: ज्या कॉम्प्युटरवर बसला आहेस, त्याच्या प्रोसेसरला येतील तेवढ्या करामती वापर. लॅपटॉप माझा नवाकोरा. वाटूरच्या केंद्रावरची पेटी, म्हणजे तिथला कॉम्प्युटर, जुनी. तिथं प्रोग्राम उघडला आणि ‘इल्लिगल इन्स्ट्रक्शन’, म्हणजे ‘ही आज्ञा मला येत नाही’, एवढं लिहून मेला.

कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला. "चारपर्यंत चाललं न्हाई तर निवडायला बाया लावतो. तुमचा प्रोग्राम बिलकुल बंद."

अडीच वाजले होते. केंद्राचे ऑपरेटर मामा पेटीपुढं उभे होते. म्हणालो, "मामा, परतूरहून दुसरा कॉम्प्युटर आणतो."

"खंडेनवमीला पूजा केलेली पेटी हाय. हंगाम संपल्याबगर हलणार न्हाई."

"प्रोसेसर म्हातारा झालाय तिचा."

"मी बी झालोय. मला बदलता का?"

मंग बिल्डची, म्हणजे प्रोग्राम कसा बनवायचा ते सांगणारी, फाइल उघडली. सगळ्या कॉम्प्युटरांना एकच फ्लॅग होता, तो काढला. लॅपटॉपला लॅपटॉपचा, पेटीला तिच्या प्रोसेसरला झेपेल तेवढाच. बिल्ड लावलं. लॅपटॉपचा पंखा असा घोंघावला, की गोदामातला भुस्सा पार मंठ्यापर्यंत उडाला असेल. मी पोत्यांभोवती फिरून राह्यलो, घड्याळ बघून राह्यलो.

"बसा की साहेब," मामा म्हणाले, "फरशीला चर पडून राह्यला."

चारला दहा कमी असताना बिल्ड झालं. पेनड्राइव्ह लावला. पट्टा फिरला, डागी दाणे फटाफट बाहेर पडू लागले. फोन वाजला.

"चाललं सर. पेटीत धूळ गेल्ती, मी साफ केली," मी ठोकून दिलं.

मामा फडकं घेऊन शेजारीच. "धूळ? रोज सकाळी पुसतो मी. द्या फोन इकडं."

हात पुढं आला. मी फोन कानाला घट्ट धरला. "सर, धूळ नव्हती. माझ्या लॅपटॉपला येतं ते पेटीलाही येईल, असं धरून चाललो. चूक माझी."

मॅनेजरनं एवढंच विचारलं,

"आता बराबर चालून राह्यलं?"

"चालून राह्यलं."

"मंग बाया बोलवत न्हाई."