हद्दीच्या दगडाखालचा कोळसा

त्या दिवशी भिकूतात्या चहा न घेताच टिकाव घेऊन मसणात गेले. आमच्या बौद्धवाडीच्या मसणात. सुंदराबाई, त्यांची बायको, मागून म्हणाली, "अवो, उन्हं चढतील."

"सोमवारी मोजणी हाय. आधी दगडाची जागा काढून ठेवतो."

मसणाला लागून भागोजीची कलमांची बाग. त्याचा गडगा, म्हंजे दगडांचं कुंपण, दर पावसाळ्यात पडायचा नि परत रचताना हातभर आमच्याकडं यायचा. असं करत करत सरण रचायला जेमतेम जागा उरली. हद्दीचा दगड तर कधीच गायब.

तात्या तीस वर्षं मोजणी खात्यात साखळी ओढायला नि झेंडा धरायला होते. हा दगड पण त्यांनीच पुरलेला. दगड पुरताना खाली कोळसा टाकायचा, ही त्यांची रीत. सुंदराबाईला सांगायचे, "दगड चोरतील, कोळसा कोण चोरणार? तो कुजत नाय."

घरात बाबासाहेबांच्या फोटोशेजारी एक चित्र होतं. राणीच्या काळच्या इंग्रजी पेपरातलं. ऑफिसची रद्दी जाळत होते, त्यातनं तात्यांनी आणलं नि काच बसवून घेतली. आफ्रिकेत इंग्रज हद्द आखतायत. दोन साहेब, तीन पायांवर दुर्बीण, लांब एक काळा माणूस झेंडा धरून, नि मागं झोपड्यांसमोर बायका नुसत्या बघत. शाळेतल्या सागर गुरुजींनी चित्राखालचं इंग्रजी वाचून दाखवलं. साहेबांची नावं होती, झेंडेवाल्याचं नव्हतं.

"हा मीच," तात्या म्हणाले. मग काचेवर बोट ठेवून म्हणाले, "त्या झोपड्या हद्दीच्या कुठल्या बाजूला पडल्या, ते काय चित्रात नाय."

तर त्या दिवशी तात्यांनी गडगा ओलांडून बागेत खणलं. वाडीतली चार माणसं जमली. भागोजी पण आला, अडवलं नाय त्यानं. गुडघाभर खणल्यावर कोळसा लागला. तात्यांनी मूठभर वर काढला नि म्हणाले, "बघा. हीच हद्द."

भागोजी हसला. "तात्यानू, मसणाच्या कडेला कोळसा नाय मिळणार तर काय हापूस मिळणार?"

सगळे हसले. आपली माणसं पण हसली. तात्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. चाळीस वर्षांमागं रीत म्हणून टाकला कोळसा, पण कुठं टाकतोय ते बघितलंच नव्हतं.

घरी आले ते काळ्या हातांनीच. सुंदराबाईनं पाणी दिलं, ते तसंच ठेवलं. चित्र खाली काढायला लागले.

"आता ते कशाला?"

"बघतो. ह्या झेंडेवाल्यानं दगडाखाली काय टाकलं असंल."

चित्र हातातनं सुटलं, काच फुटली, नि तात्या तिथंच भिंतीला टेकत खाली बसले. परत उठले नायत.

सरण कुठं रचायचं? सुंदराबाई म्हणाली, "त्यांनी खणलंय तिथं." भागोजी हात जोडून उभा होता, पण म्हणाला, "वैनी, गडग्याच्या अलीकडंच काय ते करा." अलीकडं जागा एवढी की लाकडं गडग्याला टेकली. वंदना झाली, नि माणसं एकामागं एक उभी राहिली, गोल उभं राहायला जागाच नव्हती.

सोमवारी मोजणीच्या मॅडम आल्या, मशीन घेऊन. नकाशा मशीनमधेच. "काठी धरायला कोणीतरी द्या," म्हणाल्या. कोण पुढं होईना, तर सुंदराबाईनं धरली. मॅडम म्हणतील तशी सरकत सरकत ती गडगा ओलांडून गेली नि तात्यांच्या खड्ड्यापाशी आली.

"बस. हीच जागा," मॅडम म्हणाल्या.

  कागदावर पंचांच्या सह्या झाल्या. काठी कोणी धरली ते लिहायचं नसतं.

नवा दगड आणला. मॅडमबरोबरचा शिपाई म्हणाला, "खाली थोडा कोळसा टाका कोणीतरी."

"थांब बाबा, इथं कोळसा नको," सुंदराबाई म्हणाली. पदराची गाठ सोडली, त्यात चित्राची फुटकी काच होती. खाली बसून एकेक तुकडा तिनं खड्ड्यात ठेवला, नि मग म्हणाली, "आता बसव दगड."