लेदर सीटवरची पहिली राउंड

...आणि हो, आजोबांच्या साठ सालच्या गाडीला शेवटी लेदर सीट बसल्या!

व्हिडिओ बघून पहिलं कव्हर मी उलटं शिवलं होतं, खरखरीत बाजू वर. पौडला स्टँडजवळ चपला शिवणारे नामदेवकाका पोट धरून हसले. "आरं, म्हस तरी असं उलटं कातडं घालती का?" मग आठ दिवस त्यांनीच मला टाका शिकवला.

आज पहिली राउंड त्यांना द्यायची म्हणून घरी घेऊन आलो. ते गाडीचं दार उघडतायत तेवढ्यात माझे चुलते, तात्या, आले आणि स्वतःच पुढच्या सीटवर बसले.

"लई मऊ झालंय! कुणी शिवलं?"

"मी आणि नामदेवकाकांनी."

तात्या सीटवरून हललेसुद्धा नाहीत. "परवा लग्नात नवरदेव हितं बसायचाय. नामा, तू एस्टीनं जा."

"व्हय, पाटील," म्हणत काका चालायला लागले.

म्हणजे चामडं चालतं, शिवणारा माणूस चालत नाही. आणि मी? किल्ली हातात घेऊन तिथंच उभा राहिलो.

परवा नवरदेवाची गाडी मीच चालवायचीय. माझ्या जागी तुम्ही असता, तर चालवली असती?