डाव्या हाताची बांगडी

आसेगावच्या आसपासच्या बायांचे चेहरे जमनाबाई कासारणीला मागून आठवत, हात आधी. ओसरीवर दुरडी टेकवून ती समोरचीचा हात मांडीवर घ्यायची, अंगठ्याचा गड्डा दाबायची अन् म्हणायची, "सव्वादोन." माप कधी चुकलं नाही. हात असा दुसरीच्या हातात गेला की बाई आपसूक बोलायला लागते. सासूला, नवऱ्याला न सांगितलेलं जमनाबाईला ठाऊक असायचं.

त्र्याहत्तरच्या संक्रांतीला तिच्या जिवाभावाच्या रुख्मिणीला उजव्या हातात सव्वादोनची बांगडी सरकन गेली. डाव्यात अडकली.

"काय वं, एकाच हातानं काम करते काय तू?" जमनाबाई हसली.

"सुजला असंन कामानं. दे अडीचची."

जमनाबाईनं दिली. मोकळी बसली म्हणून दोघी खूश.

होळीनंतर रुख्मिणीला नागपूरला न्यावं लागलं. जमनाबाई सोबत होती. डॉक्टरांनी विचारलं, "छातीतली गाठ कधीपासून होती?"

"दोन वर्सं झाले. दुखत नोती, म्हून नाई सांगतलं," रुख्मिणी पदरात तोंड लपवत म्हणाली.

डॉक्टर भला माणूस. बाहेर बाकावर बसून त्यानं जमनाबाईला समजावलं. हा कॅन्सर आधी छातीत एकाच जागी असतो, दुखत नाही. मग काखेत उतरतो. तिथं अंगातल्या पाण्याची वाट तुंबली की हात सुजतो. त्याच्यापुढे हाडात जातो. "पहिल्या पायरीवर आल्या असत्या तर पुष्कळ करता आलं असतं. आता ही शेवटची पायरी. दुखणं तेवढं कमी करू."

आषाढात रुख्मिणी गेली. सवाशीण गेलेली, म्हणून हिरव्या बांगड्या भरायला कासारणीलाच बोलावणं आलं. उजवा हात भरला. डाव्यात दुरडीतली एकही बांगडी चढेना. जमनाबाई तो हात धरून नुसती बसून राहिली.

"बाकीच्यायले नाई समजलं त नाई," ती पुढं कितीदा म्हणायची, "पर माह्या त हातात होता तिचा हात!"

तेव्हापासून बांगड्या भरता भरता ती हळूच विचारायची, "छातीत गाठगिठ नाई ना वं?" बाया खिदळत. "कासारीन हाये का डाक्तरीन?"

शहात्तरच्या उन्हाळ्यात प्रयागबाईच्या घरी लग्न निघालं. आठ दिवसांवर पोरीचं लग्न, ओसरीवर बायांची गर्दी. सून भागिरथा हात पुढे करून बसली अन् कानाशी लागली.

"काकू, हाये एक. तुरीच्या दान्याएवढी. दुखत नाई."

"कवापासून?"

"पोळ्यापासून. लगन होऊ द्या, मंग पाहू दिवाळीले."

जमनाबाईनं चढवायला घेतलेली सव्वादोनची बांगडी परत दोरीत ओवली.

"काहून वं, माप नाई काय?" प्रयागबाईनं विचारलं.

"माप हाये. तुमच्या सुनेले मी भरत नाई. आत चाला, सांगतो."

चुलीपाशी ऐकून प्रयागबाई भडकली. "दुखत नाई त कायची घाई? अन् घरची सून भुंड्या हातानं मांडवात फिरंन? लोक काय म्हनतीन मले?"

"नागपूरहून आली की भरतो. इथंच, तुमच्या चुलीपुढं."

"दुसरी कासारीन बलावतो!"

"बलावा. रुख्मिनीबी दुखत नाईच म्हने."

रुख्मिणीला शेवटची अंघोळ घालणाऱ्यांत प्रयागबाईही होती. तो हात तिनंच उचलून धरला होता. चुलीतलं लाकूड तिनं उगीच पुढं-मागं केलं, मग अंगणाकडं तोंड करून लेकाला हाक मारली.

"जगदेवा! सकायच्या यष्टीनं भागीले नागपूरले ने. लगन मी पाह्यतो."

भागिरथेची डाव्या बाजूची छाती काढावी लागली. पण काखेत काही उतरलं नव्हतं. "वाचंन ना साहेब?" जगदेवनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, इतक्या लवकर आलेल्या बहुतेक जणी वाचतात. हमी लिहून देता येत नाही. पाच वर्षं मात्र दाखवायला आणत जा.

नणंद सासरी गेली, तिचं लग्न भागिरथेला पाहता आलं नाही. श्रावणात जमनाबाई दुरडी घेऊन चुलीपुढं बसली. भागिरथा पदर घट्ट लपेटून समोर आली.

"काकू, आता कशी दिसतो मी?"

"हात दे आधी."

डावा हात होता. जमनाबाईनं गड्डा अलगद चाचपला. सव्वादोन. विश्वास बसेना म्हणून परत चाचपला. सव्वादोनच. तिला दुरडीतलं काही दिसेना, डोळे पुसून तिनं बोटांनीच बांगडी शोधली, अडीचची. या हाताला दाब नको, काच लागून जखम नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

बांगड्या न अडकता गेल्या अन् मनगटावर किणकिणत खेळू लागल्या.

"हे त ढिल्ल्या झाल्या वं काकू! भाकर थापताना पडतीन."

"पडू दे माय," जमनाबाई म्हणाली. तिनं हात अजून सोडला नव्हता. "मी हाये ना. दर सनाले येतो अन् हा हात पाह्यतो."

प्रयागबाईनं तव्यावरची पहिली भाकर कासारणीच्या ताटात वाढली.